पाण्याचा पारा आणि माशाची भूक

तळ्यातला मासा आम्हा कवींना बहुधा उपमेपुरताच ठाऊक असतो. शेतकऱ्याला मात्र तो किलोच्या भावाने ठाऊक असावा लागतो. राज्यात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि शिवारात तळी वाढली. पिकासाठी साठवलेल्या त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडणारे शेतकरीही आहेत. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘खाद्य तर रोज टाकतो, मग मासा वाढत का नाही?’ पाणी किती तापले आहे आणि त्या मानाने खाद्य किती पडते आहे, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर बऱ्याचदा उत्तर सापडते.

आपण जेवतो त्यातला बराचसा भाग अंग गरम राखण्यात खर्ची पडतो. माशाला हा खर्च नाही. पाण्याचे तापमान तेच त्याच्या अंगाचे तापमान. पाणी तापले की त्याच्या शरीराचा कारभार वेगाने चालू लागतो. श्वास वाढतो, पचन लवकर होते, भूक लागते. ढोबळमानाने, दहा अंश सेल्सिअसने पाणी तापले की हा वेग सुमारे दुप्पट होतो. गार पडले की सारे मंदावते. रोहू-कटल्याला साधारण २५ ते ३० अंशांचे पाणी मानवते. २० अंशांच्या खाली त्यांचे खाणे बरेच कमी होते.

मग पाणी जितके उबदार तितका मासा मोठा, असे समजायचे का? नाही. माशाचा हिशेब आपल्या संसारासारखाच आहे. खाल्लेल्या अन्नातून आधी घरखर्च भागतो : श्वास घेणे, पोहणे, शरीराची झीज भरून काढणे. त्यानंतर जी शिल्लक पडते ती म्हणजे वाढ. पाणी तापले की घरखर्च वाढतो. खाद्य तेवढेच राहिले तर शिल्लक घटते, आणि फारच कमी पडले तर मासा अंगचे वजन गमावू लागतो.

कॅनडातील नानायमो येथील संशोधन केंद्रात जॉन ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉकआय सामन माशाच्या पिल्लांवर याचे प्रयोग केले. निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. पोटभर खाद्य मिळाले तेव्हा पिल्ले सुमारे १५ अंशांच्या पाण्यात सर्वांत चांगली वाढली. रोजचे खाद्य त्यांच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणले, तेव्हा सर्वांत चांगली वाढ सुमारे ५ अंशांना दिसली. आणि २३ अंशांच्या आसपास, खाद्य मुबलक असूनही, वाढच थांबली. सामन थंड पाण्याचा मासा आहे, त्याचे आकडे आपल्या रोहूला लावता येणार नाहीत. तत्त्व मात्र तेच.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. समजा, हजार मासे आहेत, प्रत्येकी २०० ग्रॅमचे. म्हणजे एकूण वजन २०० किलो. रोज दोन टक्के खाद्य म्हणजे ४ किलो पेंड आणि कोंडा. पुढे मासे ४०० ग्रॅमचे झाले आणि आपण चारच किलो टाकत राहिलो, तर खाद्य निम्म्यावर, म्हणजे एका टक्क्यावर आले. तेवढ्यात मार्च-एप्रिलचे ऊन सुरू झाले, तर मासा उपाशीच. म्हणून दर पंधरा दिवसांनी जाळे मारून वीसेक मासे तोलावेत आणि खाद्य नव्याने ठरवावे.

याचा अर्थ सढळ हाताने टाकावे, असाही नाही. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, भुकेले आहेत. खरे तर ते गुदमरलेले असतात. अशा वेळी खाद्य टाकणे म्हणजे संकटात भर. आधी ताजे पाणी सोडावे, पाणी खळबळवावे, आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

थंडीत चूक उलट्या बाजूने होते. गारठलेला मासा खात नाही आणि टाकलेली पेंड वाया जाते. तेव्हा खाद्य कमी करावे आणि ऊन वर आल्यावर, दुपारच्या सुमारास द्यावे.

विकतचे खाद्य घालून मासे वाढवायचे तर निम्म्याहून अधिक खर्च बहुधा त्या खाद्यावरच होतो. तो मार्गी लागावा म्हणून दोनच वस्तू जवळ हव्यात : एक साधी तापमापी आणि एक तराजू. रोजचे तापमान आणि पंधरवड्याचे वजन वहीत लिहीत गेलात, तर पुढच्या हंगामात किती पेंड आणायची, हे तुमची वहीच सांगेल.