बिघाडाला कुंपण

मृग नक्षत्र लागले की वाशीम जिल्ह्यातील आसेगावचा शेतकरी पावसाची वाट पाहू लागतो. पेरणीनंतर पाऊस लांबला, तर सोयाबीनचे बियाणे मातीत वाया जाते. म्हणून हवामानाचा अंदाज वेळेवर आणि बिनचूक मिळावा लागतो.

अशा अंदाजांच्या गणितासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. अशा यंत्रात गणित करणारे हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबत असतात. इतक्यांपैकी एखादा कधीतरी बिघडणारच. मग सारे यंत्र बंद करावे काय?

तशी गरज नसते. प्रोसेसरमधील आकड्यांसोबत पडताळ्याच्या खुणा ठेवलेल्या असतात. त्यांच्या साहाय्याने किरकोळ चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. चूक मोठी असेल, तर प्रोसेसर संगणकाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीला तत्काळ इशारा देतो. ती प्रणाली बाधित झालेले काम तेवढे थांबवते आणि बिघडलेल्या भागाला नवे काम देत नाही. मोठ्या गणिताचे टप्पे मधूनमधून जपून ठेवलेले असतात. त्यामुळे थांबलेले गणित शेवटच्या टप्प्यापासून चांगल्या भागांवर पुन्हा सुरू करता येते. इतर कामे मात्र अखंड चालू राहतात.

चूक कोठवर पसरली हे कळत नसेल, तर यंत्राची तेवढी तुकडी थांबवणेच हिताचे. कारण बंद पडलेला भाग उघड दिसतो. लपलेला चुकीचा आकडा मात्र सारा अंदाज बिघडवतो आणि त्याची किंमत शेतातल्या बियाण्याला मोजावी लागते.