नवोदयचा फॉर्म पाचवीचा, हिशेब तिसरीपासूनचा

नागभीडहून सिंदेवाहीच्या रस्त्याला लागलं की तळोधी (बाळापूर) येतं. चंद्रपूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय इथं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, आपल्या नागभीड तालुक्यात. गडचिरोलीचं नवोदयही असंच चामोर्शी तालुक्यात, घोटला. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली ही योजना. तिची सुरुवात देशात दोनच शाळांनी झाली, एक हरयाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार पोराला चांगल्या शाळेसाठी बापाच्या खिशाकडे पाहावं लागू नये, हा त्यामागचा विचार. सहावी ते बारावी राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमातीची, दारिद्र्यरेषेखालची आणि दिव्यांग मुलं यांना तोही माफ.

सहावीला जागा जास्तीत जास्त ८०, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. मग निवड करायची कशी? अमेरिकेत सरकारी ‘मॅग्नेट’ शाळा असतात. वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या वर्णांची मुलं एका शाळेत यावीत म्हणून त्या निघाल्या. त्यांपैकी अनेक ठिकाणी चक्क सोडत काढतात, काही ठिकाणी परीक्षा घेतात. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांना सोडत असते, ती पालकांना ठाऊक आहे. नवोदयने परीक्षा घेतली, पण नुसत्या गुणांवर यादी लावली नाही. किमान ७५ टक्के, म्हणजे ८०पैकी ६० जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. एकूण जागांत किमान एक तृतीयांश मुली. अनुसूचित जाती-जमातीच्या जागा जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, शिवाय ओबीसी आणि दिव्यांग आरक्षण. ही रचना मला मनापासून पटते. शहरातल्या शिकवणीवाल्या मुलाशी पाड्यावरच्या मुलाची थेट झुंज लावली असती, तर तळोधीची शाळा तळोधीच्या मुलांना लांबूनच पाहावी लागली असती.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. बुद्धिमत्तेत अक्षर नाही की आकडा नाही, सगळ्या आकृत्याच: वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. घरी जुन्या वर्तमानपत्राची घडी घालून, कात्रीनं टोक कापून पोराला उलगडून दाखवलं, तर हा प्रश्न त्याला पाच मिनिटांत कळतो. अडचण दुसरीच असते. चौथीपर्यंत पेन्सिल आणि खोडरबरावर वाढलेल्या हाताला इथं बॉलपेननं गोल रंगवायचा असतो. चुकला तर खोडता येत नाही. सरावाला बसलेल्या पोरांकडे पाहावं: पेन गोलावर टेकवून ती थांबतात, श्वास रोखून कडेकडेनं भरत जातात, आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न राहून जातो. दहा-पंधरा वेळा तशा उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर हात फिरला की ही भीती जाते.

पण खरी गोची परीक्षेच्या आधी होते, आणि तिच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. ग्रामीण कोट्यासाठी मूल तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं लागतं, तेही प्रत्येक वर्षी पूर्ण सत्र. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी ते मूल शहरी धरलं जातं. राहतं घर खेड्यात आहे की नाही, याला इथं महत्त्व नाही. शाळा कुठं आहे ते पाहतात.

आता आपल्याकडचं चित्र बघा. कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. घोडाझरी तलावाच्या बाजूच्या एखाद्या गावातल्या शेतमजुराची मुलगी चौथी झाली की बाप तिला पाचवीला नागभीडच्या हायस्कूलमध्ये घालतो. मोठी शाळा, पुढं दहावीपर्यंत सोय. बाप चांगलंच करतोय. पण नागभीडला नगरपरिषद आहे, म्हणजे गाव शहरी. त्या एका प्रवेशानं मुलगी ६० जागांच्या रांगेतून बाहेर पडते आणि शहरातल्या मुलांबरोबर उरलेल्या २० जागांसाठी उभी राहते. ब्रह्मपुरीला घातलं तरी तेच. फॉर्म भरताना ऑनलाइन सेंटरवर हे कळतं किंवा कळतच नाही. निवड यादीत नाव आलं तरी ते तात्पुरतं असतं. कागदपत्रं तपासताना ग्रामीण दाखला टिकला नाही, तर नाव जातं. दुसऱ्यांदा परीक्षेला बसता येत नाही.

म्हणून चौथीच्या गुरुजींनी दाखला हातात देतानाच पालकांना विचारायला हवं, की पोरगी नवोदयला बसवणार आहात का? बसवणार असाल, तर पाचवी असलेली जवळची खेड्यातली शाळा शोधा, मग भले ती तीन किलोमीटर लांब असो.

दुसरी अडचण मिरचीची. धान निघालं की आपल्याकडची घरंच्या घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोरांना सोबत घेऊन. सत्र मोडतं ते तेव्हाच. आणि परीक्षाही येते डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, नेमकी आईबाप तिकडं असताना. हॉल तिकीट इकडं, पोरगं तिकडं. काही घरं पोराला आजीजवळ ठेवून जातात. आजीला आकृत्या कळत नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याला केंद्रावर कोण नेणार, हे तिनं आठ दिवस आधीच शेजारच्या मास्तरांना विचारून ठेवलेलं असतं.