एका शेअरला चार मतं!

टेलिकॉम कंपनीतून फुटून निघालेल्या कंपनीचा आयपीओ आला की सगळे आधी भाव विचारतात. मी म्हणेन, आधी मतं कोणाकडे ते बघा! अमेरिकेच्या एटी अँड टीच्या घराण्यात याचे झकास दाखले आहेत.

● एप्रिल 1996. एटी अँड टीने टेलिकॉम उपकरणं बनवणारी ल्यूसेंट वेगळी काढली. 27 डॉलरने 11.2 कोटी शेअर विकून 3 अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकेतला तोवरचा सर्वांत मोठा आयपीओ! तरी विकला जेमतेम 18 टक्के हिस्सा. उरलेला सप्टेंबरअखेर आपल्याच भागधारकांना वाटला. हात आखडता का? करामुळे. वाटपाच्या वेळी मूळ कंपनीकडे किमान 80 टक्के मतं असतील, तरच वाटप करमुक्त ठरू शकतं.

● खरी करामत पुढे आहे. 2001 मध्ये ल्यूसेंटने चिप बनवणारी अगेर बाजारात आणली. किंमतपट्टा एकदा 12 ते 14 डॉलर होता. बाजार कोसळला आणि विक्री झाली 6 डॉलरला, तब्बल 60 कोटी शेअरची. शिवाय अडीच अब्ज डॉलरचं कर्ज अगेरच्या माथी! ल्यूसेंटचा हिस्सा उरला सुमारे 58 टक्के. मग 80 टक्क्यांचं काय? शेअरचे दोन वर्ग केले. लोकांना विकलेल्या क्लास एला संचालक निवडताना एक मत, ल्यूसेंटकडच्या क्लास बीला चार. हिस्सा 58, मतं 80 च्या वर!

2002 मध्ये वाटप झालं, तेव्हा ल्यूसेंटचे 100 शेअर असणाऱ्याला क्लास ए मिळाला एक आणि क्लास बी 26. दोन्ही वर्ग एकत्र झाले ते 2005 मध्ये.

● एप्रिल 2000. एटी अँड टी वायरलेसचा 10.6 अब्ज डॉलरचा आयपीओ, भाव 29.50. पण हा ‘ट्रॅकिंग स्टॉक’! घेणारा भागधारक झाला एटी अँड टीचाच; फक्त शेअर वायरलेसच्या कमाईशी जोडलेला. मालकीशिवाय नुसती नाळ, हे मला पटत नाही. कंपनी 2001 मध्ये वेगळी झाली. 2004 मध्ये सिंग्युलर या मोबाइल कंपनीने ती घेतली, शेअरला 15 डॉलर देऊन.

● आणि मुंबईत? 2006 मध्ये रिलायन्सच्या वाटणीत आयपीओच नव्हता. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या भागधारकांना एका शेअरमागे टेलिकॉम कंपनीचा एक शेअर मिळाला. भाव ठरवला लिस्टिंगच्या दिवशी थेट बाजाराने.