होडीतला जादा डबा

होडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. परंतु तिच्या मागच्या टोकाला, तळाजवळ, मुद्दाम ठेवलेले एक भोक असते असे मी वर्गात सांगितले, तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. आमची फायबरची लहान होडी आहे. ती वाळूवर ओढली की आबा या भोकाचे बूच काढतात, म्हणजे साचलेले पाणी आपोआप निघून जाते. होडी लोटण्यापूर्वी ते पुन्हा घट्ट बसवायचे.

हे बूच समुद्रात निसटले तर? विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीने मला हिशेब करून दिला. भोक २५ मिलिमीटर व्यासाचे आणि पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर असेल, तर आरंभी मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. म्हणजे दोन मोठ्या बादल्या! होडीत माणसे दोन-तीन. पाणी कोण उपसणार आणि यंत्र कोण सांभाळणार? म्हणून त्याच मापाचे जादा बूच होडीत हवेच. शिवाय मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या ठेवाव्यात. भोक कुठल्याही मापाचे असो, चिंधी गुंडाळून खुंटी ठोकली की लाकूड भिजून फुगते व पक्के बसते.

यंत्राचेही तसेच. काही लहान यंत्रांत पंख्याला मऊ धातूची खीळ असते. पंखा खडकावर आदळला की ती मोडते आणि आतील महागडे गिअर वाचतात. ती मोडण्यासाठीच केलेली असते. मग दुसरी जवळ नको का? स्पार्क प्लग, इंधनाची गाळणी, नळीच्या क्लिपा, फ्यूज हेही हवे. मात्र पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चाक हलत्या होडीत बदलणे अवघड. ते किनाऱ्यावरच वेळेत बदललेले बरे.

यंत्र बंद पडलेली होडी वारा आणि ओढ नेईल तिकडे जाते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पण मदत पोहोचेपर्यंत होडी तरंगती ठेवणे आपल्याच हाती असते.

नुसती वस्तू असून भागत नाही. ती त्याच मापाची हवी, बसवायचा पाना सोबत हवा आणि ती कुठे आहे हे प्रत्येकाला अंधारातही ठाऊक हवे. खाऱ्या हवेने लोखंड गंजते. म्हणून ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बी. ए. होऊन ही काय करणार, असे वाडीत विचारतात. तूर्त मी त्या डब्याची यादी ठेवते. एखादी वस्तू वापरली गेली की आबा सांगतात, मी खूण करते आणि पुढच्या बाजारी ती आणली जाते. काही रुपयांच्या त्या बुचावर आमच्या घरातली दोन माणसे रोज विसंबून असतात.