हेड उघडण्यापूर्वी हत्यारे पारखा

खोपोलीहून बोरघाट चढताना मोटारसायकलचे इंजिन चांगलेच तापते. पुढे कधी हेडचे गॅस्केट गळू लागले, की घरीच हेड उघडावे असे वाटते. पण हेड बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. बोल्ट मात्र पोलादी. सरकता पाना बोल्टच्या कडा झिजवतो. सहाकोनी सॉकेट घ्या. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सोडा. हेडची सपाटी पाहायला सरळ पोलादी पट्टी व फीलर गेज हवा. बसवताना अंदाज नको: ढिल्या बोल्टातून गॅस गळतो, फार आवळला तर आटे उपटतात. म्हणून आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यावर आधी खर्च करा. गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने, समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळा. हा पाना नसेल, तर हेडला हात न लावलेलाच बरा.