विश्लेषण : वाहक की रुग्ण? रक्ताच्या एका थेंबातून सिकल सेल ओळखणारी चिप कशी काम करते?

सिकल सेल निर्मूलन मोहिमेत देशभरातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. मात्र, ‘पॉझिटिव्ह’ एवढेच कळून भागत नाही. ती व्यक्ती नुसती वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे कळावे लागते. त्यासाठी लागणारी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत असतात आणि रुग्ण दुर्गम पाड्यांवर. हे अंतर कमी करण्याची क्षमता ‘मायक्रोफ्लुइडिक चिप’ तंत्रज्ञानात आहे. ते आहे तरी काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

सिकल सेल हा प्रथिनाचा आजार कसा?

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन हे प्रथिन असते. फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचवणे हे त्याचे काम. या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले, की ‘हिमोग्लोबिन एस’ तयार होते. प्राणवायू सोडल्यानंतर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे कडक धागे बनतात. त्यामुळे एरवी गोल आणि लवचीक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना, जंतुसंसर्ग, पक्षाघात आणि अवयवांची हानी संभवते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकल पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रुग्णाला कायम रक्तक्षय असतो.

आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले, तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक ठरते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही. मात्र दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

सध्याची तपासणी कुठे अडते?

राष्ट्रीय सिकल सेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहिमेची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाली. शून्य ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन ही तिची उद्दिष्टे. गावपातळीवर प्रामुख्याने ‘सोल्युबिलिटी’ चाचणी वापरली जाते. रक्ताचा थेंब एका रसायनात टाकायचा. द्रावण गढूळ झाले की हिमोग्लोबिन एस आहे, असे समजायचे. ही चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. पण वाहक असो वा रुग्ण, द्रावण दोघांचेही गढूळ होते. शिवाय नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील ‘हिमोग्लोबिन एफ’ जास्त असल्याने पहिल्या काही महिन्यांत ही चाचणी भरवशाची नसते.

खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा ‘एचपीएलसी’ यंत्रावर तपासणी करावी लागते. त्यासाठी वीज, रसायने, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुसज्ज प्रयोगशाळा हवी. नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. तोवर मजुरीसाठी कुटुंब दुसरीकडे गेले, तर अहवाल असून नसल्यासारखाच.

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे काय?

ही संगणकातील चिप नव्हे. काच, प्लास्टिक, सिलिकॉन रबर किंवा कागद यांच्या छोट्या पट्टीवर केसाइतके किंवा त्याहून बारीक मार्ग तयार केलेले असतात. त्यांतून विजेऐवजी द्रव वाहतो. प्रयोगशाळेतील नमुना मिसळणे, वेगळा करणे, मोजणे ही कामे या मार्गांत होतात. म्हणूनच तिला ‘चिपवरील प्रयोगशाळा’ असेही म्हणतात.

इतक्या अरुंद मार्गात द्रवाचे वागणे बदलते. नदीच्या पाण्यात भोवरे असतात, येथे ते जवळपास नसतात. दोन द्रव शेजारी-शेजारी सरळ वाहतात आणि फक्त कडेने हळूहळू मिसळतात. त्यामुळे कोणता रेणू किंवा पेशी कुठे जाईल, यावर नेमके नियंत्रण ठेवता येते. नमुनाही अगदी कमी लागतो. एका मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर. अशा काही मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे बोटाला सुई टोचून आलेल्या एका थेंबात, काम भागते. अंतर कमी असल्याने निकालही लवकर मिळतो.

या क्षेत्राला १९९०च्या दशकात वेग आला. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने साच्यावर सिलिकॉन रबर ओतून चिप घडवण्याची सोपी पद्धत रुळवली. त्यामुळे महागड्या कारखान्याशिवायही संशोधकांना चिप बनवता येऊ लागली.

चिपवर हिमोग्लोबिन वेगळे कसे होते?

या चाचणीमागचे तत्त्व जुनेच आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की सिकल सेल रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी व्यक्तीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर तो नसतो. त्यामुळे अल्कधर्मी द्रावणात हिमोग्लोबिन एस धन टोकाकडे थोडे हळू जाते. एखाद्या रोगाचे मूळ रेणूतील बिघाडात असल्याचे यातून प्रथमच स्पष्ट झाले.

अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुरकान यांच्या गटाने हेच तत्त्व तळहातावर मावणाऱ्या चिपमध्ये आणले. तिच्यात सेल्युलोज अ‍ॅसिटेटची कागदी पट्टी असते. रक्ताचा थेंब पाण्यात मिसळला की पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर येते. ते पट्टीवर लावून विजेचा दाब दिला, की हिमोग्लोबिनचे प्रकार पट्ट्यांच्या रूपात वेगळे होतात. ‘ए’ सर्वांत पुढे, त्यामागे ‘एफ’ आणि त्यामागे ‘एस’. हिमोग्लोबिनला स्वतःचा लाल रंग असल्याने ही शर्यत कॅमेऱ्याला दिसते. प्रत्येक प्रकाराचे प्रमाण यंत्रच मोजते. सारे काही दहा मिनिटांच्या आत होते.

निकाल वाचायला सोपा असतो. ‘ए’ आणि ‘एस’ दोन्ही असून ‘ए’ जास्त असेल तर व्यक्ती वाहक. ‘ए’ अजिबात नाही आणि ‘एस’ भरपूर, तर रुग्ण. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ‘हेमेक्स हेल्थ’ कंपनीने या चिपवर आधारित ‘गॅझेल’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र विकसित केले. जबलपूर येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने त्याची पडताळणी केली. त्याचे निष्कर्ष एचपीएलसीशी मोठ्या प्रमाणात जुळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

चिपवर पेशींची परीक्षा कशी होते?

एकाच प्रकारचे सदोष हिमोग्लोबिन असलेल्या दोन रुग्णांचे आयुष्य वेगळे असू शकते. एकाला वर्षातून अनेकदा रुग्णालय गाठावे लागते, तर दुसऱ्याला क्वचितच. केवळ प्रथिन मोजून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी पेशी प्रत्यक्ष वाहताना पाहाव्या लागतात.

हार्वर्ड आणि एमआयटीशी संलग्न संशोधकांनी २००७ मध्ये रक्तवाहिन्यांसारखे मार्ग असलेल्या चिपमधून सिकल सेल रुग्णांचे रक्त सोडले. प्राणवायू कमी करताच प्रवाह थांबला, पुन्हा वाढवताच तो सुरू झाला. शरीरात घडणारी अडवणूक अशा प्रकारे टेबलावर पाहता आली. गुरकान यांच्या गटानेही आणखी दोन चिप तयार केल्या. एका चिपच्या मार्गाला रक्तवाहिनीच्या भिंतीशी निगडित प्रथिनांचा लेप असतो. त्याला किती पेशी चिकटतात, हे मोजले जाते. दुसऱ्या चिपमध्ये सूक्ष्म खांबांच्या रांगा असून त्यांच्यातील फटी २० मायक्रॉनपासून चार मायक्रॉनपर्यंत अरुंद होत जातात. तांबडी पेशी सुमारे आठ मायक्रॉन रुंद असते. लवचीक पेशी अंग चोरून पार होते, ताठ पेशी अडकते. औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ही परीक्षा घेतली, तर औषधाचा पेशींवर परिणाम होतो का, हे पाहता येते. मात्र, या चिप सध्या मुख्यतः संशोधनासाठी वापरल्या जातात.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा तत्त्वातच आहे. अल्कधर्मी द्रावणात ‘हिमोग्लोबिन डी’ हा प्रकार ‘एस’च्या बरोबरीनेच सरकतो. ‘ई’, ‘सी’ आणि ‘ए-२’ हे प्रकारही एकाच जागी येतात. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया असलेल्या काही रुग्णांतही ‘ए’ अजिबात दिसत नाही. अशा वेळी एचपीएलसी, कुटुंबीयांची तपासणी किंवा जनुकीय चाचणी टाळता येत नाही. नुकतेच रक्त चढवलेल्या व्यक्तीत रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दिसल्याने निकाल फसवा येऊ शकतो.

दुसरी मर्यादा एका थेंबाचीच आहे. हिमोग्लोबिन रक्तात विपुल असते, म्हणून थोडक्यात भागते. जो रेणू अत्यल्प असतो तो एका थेंबात पुरेसा सापडेलच असे नाही. काही थेंबांत असंख्य चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या अमेरिकेतील ‘थेरानोस’ कंपनीचे पितळ उघडे पडले. तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये ११ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. सिकल सेलची चिप एकच प्रश्न विचारते आणि म्हणूनच तिचे उत्तर पडताळून पाहता येते.

तिसरी अडचण व्यवहाराची. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण चिप प्रत्येक तपासणीला नवी लागते. तिचा अखंड पुरवठा, योग्य साठवण आणि किंमत यांवर सारे अवलंबून राहते.

महाराष्ट्रासाठी याचे महत्त्व काय?

राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकल सेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. देशातील आदिवासी समाजात साधारण ८६ जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, अशी सरकारी आकडेवारी आहे. रुग्ण लवकर ओळखला गेला, तर लसीकरण, जंतुसंसर्ग टाळण्याचे उपचार आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेळेत सुरू करता येते.

देशातही या तंत्रज्ञानावर काम सुरू आहे. आयआयटी खरगपूरचे सुमन चक्रवर्ती यांना सूक्ष्म प्रवाहांवरील संशोधनासाठी २०२२चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. गोव्यातील ‘मोलबायो’ कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही चिपवर आधारित क्षयरोग चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली आहे. ती जनुकीय चाचणी असली, तरी चिपवरील तपासणी ग्रामीण भागात रुजू शकते, हे तिने दाखवून दिले आहे.

तरीही चिपचे काम निदानापाशी संपते. ‘वाहक’ हा शब्द कानावर पडताच मुलीचे लग्न मोडल्याची भीती कुटुंबाला वाटते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोन्ही जोडीदारांत सदोष जनुक असेल तरच मुलाला आजाराचा धोका आहे, हे त्याच भेटीत त्यांच्या बोलीभाषेत समजावणारा माणूस लागतो. दहा मिनिटांत मिळालेल्या निकालाचा खरा फायदा हाच आहे. तो येईपर्यंत कुटुंब आरोग्य सेविकेच्या समोरच बसलेले असते.