फिरकीपटूंची तुलना करताना फक्त बळी मोजू नका

मुरलीधरन 800, शेन वॉर्न 708, अनिल कुंबळे 619, अश्विन 537. कसोटीतील बळींची ही यादी दाखवली की श्रेष्ठ कोण हा वाद मिटला, असे अनेकांना वाटते. पण बळींचा आकडा किती सामने खेळायला मिळाले यावरही ठरतो. म्हणून आधी सरासरी पाहावी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा. वॉर्नची सरासरी 25.41, अश्विनची 24. मग स्ट्राइक रेट, म्हणजे एका बळीसाठी टाकलेले चेंडू. मुरलीधरनला 55 लागले, अश्विनला 51 पेक्षा कमी.

तिसरा प्रश्न, बळी कुठे घेतले? अश्विनचे बहुतांश बळी मायदेशातल्या, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवरचे आहेत. भारतात वॉर्नची सरासरी मात्र 43 वर गेली.

फॉर्मही एका डावावरून ठरवू नये. कुंबळे परदेशात चालत नाही, असे म्हटले जायचे. 2003-04 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत 24 बळी घेतले. खेळपट्टी, समोरचे फलंदाज आणि टाकलेली षटके एकत्र पाहिली तरच फॉर्म कळतो.

आणि आकडे संधी मिळालेल्यांचेच असतात. डावखुरे फिरकीपटू बाळू पालवणकर यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी जातीमुळे त्यांना कर्णधारपद नाकारले गेले. भारताची पहिली कसोटी 1932 मध्ये झाली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. कसोटीच्या यादीत त्यांचे नाव नाही. यादी वाचताना एवढे ध्यानात ठेवा.